‘जिवाचा गजर’ कोणी गायला

कमल धुरी चिडली की भांडी आपटत नाही. भांडी आपटणाऱ्या बायांचा राग चहा उकळेपर्यंत टिकतो. कमल चिडली की कांदा चिरते. तो इतका बारीक आणि इतका एकसारखा असतो की तिच्या मेसमध्ये जेवणारी कुवेतच्या रिग्गईतली सडी माणसं ताट बघूनच ओळखतात, आणि त्या दिवशी भाजी अळणी आहे असं कोणी म्हणत नाही. दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात या माणसांनी सलग तीन आठवडे असा कांदा खाल्ला. तो राग कशाचा होता हे सांगायचं तर आधी बाई सांगावी लागेल, आणि बाई सांगायची तर तिला जिवंतपणी ज्यांनी मारलं त्यांचीही नावं घ्यावी लागतील. घेऊ या. आपल्याला कोणाची भीती आहे?

ती कुडाळ तालुक्यातली. बाप भजनी बुवा. दर एकादशीला ओटीवर पेटी, मृदंग, झांजा आणि गावातले झाडून सगळे पुरुष. बायांनी आत चूल सांभाळायची आणि मधूनमधून चहा बाहेर पाठवायचा. कमलने चुलीपुढे बसूनच सगळं गाणं उचललं. बापाला एखादी चाल बसवायला चार दिवस लागायचे, ती हिला एका ऐकण्यात यायची. बापाला हे कळलं होतं, पण त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. मुलीला गाणं येतं हे सांगून तिचं लग्न लवकर ठरणार होतं थोडंच!

लग्न विठ्ठल धुरीशी झालं. तो पेटी बरी वाजवायचा, म्हणून तिला आवडला. कुवेतला मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत तो गरम पाइपांना उष्णता अडवायची लोकर आणि वर पत्रा गुंडाळायचं काम करायचा. युद्धात नेसत्या कपड्यांनी पळून आला, युद्ध संपल्यावर परत गेला, आणि जाताना धाकट्या भावाला, बाळालाही घेऊन गेला. त्र्याण्णव साली कमल गेली. मुलगी प्राची तेव्हा तीन वर्षांची. तिला सासूच्या कडेवर देऊन ही निघाली.

ती गेली खादिमच्या व्हिसावर. वीस नंबर. म्हणजे घरकाम. वीस नंबरचं माणूस ज्या घराच्या कागदावर आलं त्या घराचं. दुसरीकडे काम करताना सापडलं, दुसरीकडे नाव झळकलं, की थेट विमानात. इकडे गावात धुऱ्यांनी सांगितलं की सून हॉस्पिटलात आहे. काय करते ते सांगितलं नाही, लोकांनीच आपापल्या मनाने तिला नर्स केलं. परक्याच्या घरी भांडी घासणारी सून म्हटली असती तर धुऱ्यांचं नाक कापलं गेलं असतं. नाक धुऱ्यांचं, घासणारे हात मात्र कमलचे.

सालवातल्या त्या घरात नऊ माणसं होती. घरच्या बाईला सगळे नोकर मामा म्हणायचे. मामा दुष्ट नव्हती, पण स्वयंपाकघरात नोकरांनी बोललेलं तिला खपत नसे. गाण्याला तिची हरकत नव्हती. गाणं म्हणजे काही बोलणं नव्हे असं तिचं मत. तेव्हा कमलला जे काही बोलायचं होतं ते तिने गाण्यात बोलायला सुरुवात केली. भाताच्या हंडीत झारा फिरवता फिरवता शब्द जुळवायचे आणि त्यांना बापाकडच्या चालींचे तुकडे मोडून जोडून नवी चाल द्यायची. ‘सात दारांचा घर गे बाय, माझा दार खंय’ हे पहिलं. त्याच घरात पोरं सांभाळणारी हैदराबादची अमिरुन्निसा शेजारी कांदे सोलायची आणि डोळे पुसत म्हणायची, “कांदे का पानी है, तुम गाओ.” तिला शब्द एक कळत नव्हता.

कमलला एक आड एक शुक्रवारी दुपारी एक ते सहा सुट्टी मिळायची. ती रिग्गईला बाळाच्या खोलीवर जायची, विठ्ठल कॅम्पातून तिथे यायचा. नवरा-बायको म्हणून त्यांना मिळत होते ते हे पाच तास, तेही बाळाच्या आणि त्याच्या चार सोबत्यांच्या साक्षीने. मग करणार काय? विठ्ठल पेटी काढायचा, बाळा मृदंग घ्यायचा आणि कमल गायची. एकदा फरवानियातला कॅसेटवाला रफीक, राजापूरचा, कोणाला तरी भेटायला म्हणून आला आणि दारातच उभा राहिला. चप्पल काढायचंही विसरला.

“वहिनी, हे टेप करूया,” तो म्हणाला. “इतकी वर्षं कॅसेटी विकतोय, असलं एक नाही ऐकलं.”

पंच्याण्णवच्या जुलैत टेप केलं. एसीची घरघर येते म्हणून एसी बंद. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्यांना गाद्या. बाहेर पारा पन्नासला टेकलेला, आत किती होतं ते देवाला ठाऊक. बादलीत बर्फ ठेवला होता, त्याचं अर्ध्या तासात पाणी व्हायचं. मृदंगाचं कातडं तापून चढायचं आणि बाळाला दर गाण्यानंतर ते उतरवत बसावं लागायचं. दोन शुक्रवारांत सहा गाणी केली. चुकलं तर परत म्हणायला वेळ नव्हता, सहाच्या आत सालवाला पोचायचं होतं. पाचवं गाणं कमलने चक्कर येत असताना भिंतीला पाठ लावून म्हटलं. पुढे लोक त्याच गाण्याला ‘काय तो आर्त स्वर’ म्हणाले. आर्त कसला, बाई उकडून निघाली होती.

कॅसेटचं नाव ठरलं ‘जिवाचा गजर’. मग कव्हरवर नावं काय घालायची हा प्रश्न आला.

“वयनीचा नाव घालूचा नाय,” बाळा म्हणाला. “जवाझातवाल्यांच्या हातीत कॅसेट गावली तर?”

पासपोर्टाच्या त्या कचेरीचं नाव काढलं की वीस नंबरवाले आधी दाराची कडी बघायचे. कमलनेही बघितली.

“बाईचं नावच नाही म्हटलं तर लोक भलतंसलतं बोलतील,” रफीक म्हणाला.

विठ्ठल पेटीचा भाता बांधत होता. मान वर न करता म्हणाला, “प्राचीचा घाला.”

कमल हसली. लेकीचं नाव म्हणजे घरातच राहिलं, परकं कोणी नाही. तिनेच मान डोलावली. ही चूक तिची, आणि ती आजही ती दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

तीनशे कॅसेटी काढल्या. कॅम्पाकॅम्पात हातोहात गेल्या आणि चार-पाच वर्षांत नाहीशाही झाल्या. त्या कुठे गेल्या हे आखातात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. फोन महाग, पत्र लिहायचा कंटाळा, मग माणसं आवाज टेप करून पाठवायची. विकतच्या कॅसेटच्या वरच्या खाचांवर चिकटपट्टी लावली की तिच्यावर पाहिजे ते भरता येतं. कॅसेट ऐकून ऐकून पाठ झाली की तिच्यावरच आईला, बायकोला निरोप भरायचा आणि रजेवर निघालेल्याच्या हाती द्यायची. सावंतवाडीपासून देवगडपर्यंत कितीतरी घरांत ‘जिवाचा गजर’ सुरू व्हायचा आणि अर्ध्या ओळीवर कमलचा आवाज तुटून कोणीतरी सांगायला लागायचं, “आये, मी बरो आसंय, काळजी करू नको.” कमलला याचा राग कधी आला नाही. आपल्या आवाजावर कोणाच्या आईसाठीचा आवाज बसला तर बसला, त्यात वाईट काय, असं ती म्हणायची. म्हणजे बाई मुळात रागीट नव्हे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तिला आकांडतांडव करणारी म्हटलं गेलं.

अकरा वर्षांनी, दोन हजार चार साली, मामाची मुलं मोठी झाली आणि मामाने तिला मोकळं केलं. व्हिसा बदलून अठरा नंबर मिळाला, रीतसर नोकरीचा. एका केटरिंगवाल्याची रिग्गईतली मेस ती चालवायला लागली. विठ्ठल आणि ती कुवेतात पहिल्यांदा एका छपराखाली राहायला लागले. आता ती कोणाच्या घरची नव्हती. नाव विचारलं तर नाव सांगू शकत होती.

आणि नेमकं तेव्हाच त्या कॅसेटचं भूत उठलं. शुऐबाच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात आलोक नावाचा पुण्याचा इंजिनीअर होता, तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. एकदा त्याची गाडी गॅरेजात गेली आणि त्याला कामगारांच्या बसने यावं लागलं. बस चालवायचा इद्रीस, पेशावरकडचा पठाण. त्याने टेप लावला आणि आलोक सीटवर ताठ झाला. इद्रीसला मराठी येत नव्हतं, पण ही कॅसेट तो दहा वर्षं वाजवत होता. “इस औरत की आवाज़ में नींद नहीं आती साहब,” तो म्हणाला, “रोड पे काम आती है.” न पुसलेली अशी ती एकच कॅसेट उरली होती.

आलोक झपाटला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्याने कॅसेट मुंबईला नेऊन खरखर काढून घेतली, सीडी करायची ठरवली, बारा पानांची पुस्तिका काढायची ठरवली. ‘रीइश्यू, रीइश्यू’ म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लं. कव्हरवरच्या धुऱ्यांचा शोध घेत तो बाळापर्यंत पोचला. बाळा आता शुऐबात स्टोअरकीपर होता, मंडळाच्या गणपतीत तबल्याला बसायचा, इंजिनीअरांच्या पंक्तीला जेवायचा. विठ्ठलने घरी कमलला एवढंच सांगितलं, “ते कायतरी सीडी काडतत.” कमल म्हणाली, “काडूंदेत.” मनातून तिला बरं वाटलं होतं, खूप बरं वाटलं होतं, पण तसं बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

मग नोव्हेंबरात आलोक स्वतः मेसवर आला.

“वहिनी, प्रकाशनाला दोनशे माणसं. मालवणी जेवण. प्रोग्रॅम तुमच्याच घरचा आहे, तेव्हा जरा प्रेमाने होऊ द्या,” असं म्हणून त्याने छापून आलेली पुस्तिका तिच्या हातात ठेवली. “ज्ञानदाने लिहिलंय सगळं. माझी बायको. वाचाच तुम्ही, रडाल.”

कमलने पदराला हात पुसले आणि पान उलटलं. तिसऱ्या पानावर होतं, ‘गायिका : कै. प्राची धुरी’. खाली जन्माचं साल, पुढे रेघ, पुढे मृत्यूचं साल. त्याखाली लिहिलं होतं की विठ्ठल आणि बाळा यांची ही लाडकी बहीण, आवाजाची देणगी घेऊन आलेली, दुर्धर आजाराने तिला अकाली ओढून नेलं, तिच्या स्मृतीस हा ठेवा अर्पण.

धुऱ्यांना बहीण नव्हती, कधीच नव्हती. आणि प्राची त्या घटकेला कुडाळच्या कॉलेजात सहामाहीचा पेपर लिहीत बसलेली.

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?” कमलने विचारलं.

“बाळाने. आणि विठ्ठलरावांचं सही केलेलं लेटर आहे ना. का, डेट चुकली का?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण विठ्ठलची सही म्हटल्यावर तिने ओठ मिटले. आधी ते घरात विचारायचं होतं. “जेवण किती वाजता पाहिजे?” ती म्हणाली.

संध्याकाळी तिने बाळाला बोलावून घेतलं आणि दोघा भावांना समोरासमोर बसवलं.

“माझ्या चेडवाच्या नावाफुडे कै. कोणी घातल्यान?”

“वयनी, आयकून घे,” बाळा म्हणाला. “तो पुणेकार रोज इचारी, प्राची खंय, तिका स्टेजवर आणा. मगे मी काय सांगतलंय? मेली म्हणान सांगलंय. मेलेल्या माणसाक कोण स्टेजवर बोलवणत नाय.”

“आणि माझा नाव सांगूक काय झाला? आता माका वीस नंबर नाय.”

“तसा नाय गो. तो सगळी स्टोरी इचारता. खंय होतंस, काय करी होतंस. ता पुस्तकात छापतलो. पुस्तक गावात जातला. लोकांका आमी हॉस्पिटल म्हणान सांगलेला आसा.”

“अकरा वर्सा मी भांडी घासलंय म्हणान तुमच्या घरावर नवी कौला चढली. कौला गावाक दिसलेली चलतत, माझे हात दिसलेले चलणत नाय?”

कमल नवऱ्याकडे वळली. “तुमी सही केलात?”

“केलंय,” विठ्ठल म्हणाला. “बाळान सांगल्यान. मी म्हटलंय, वाद नको.”

विठ्ठल धुरीला सगळे देवमाणूस म्हणतात. त्याने आयुष्यात आवाज चढवला नाही, कोणाला दुखवलं नाही, शिवी दिली नाही. असली देवमाणसं फार पाहिली. कोणाला दुखवायचं नाही म्हणून जी जवळ असते तिला दुखवतात, कारण ती कुठे जाणार आहे! वाद नको म्हणून या माणसाने पोटच्या पोरीच्या नावामागे मरण लावलं आणि बायको जिवंत असताना तिचं गाणं एका नसलेल्या बहिणीच्या थडग्यावर वाहिलं. आणि वर भात कालवत होता. कमलने त्याच्यापुढचं ताट ओढून घेतलं नाही. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलायची बंद झाली.

दुसऱ्या दिवशी तिने आलोकच्या घरी फोन लावला. ज्ञानदाने उचलला. कमलने जेवढं शुद्ध बोलता येईल तेवढं शुद्ध बोलून सांगितलं की बहीण वगैरे काही नव्हती, गाणी मी बांधली, मी म्हटली, माझं नाव कमल.

मग ज्ञानदा अगदी मऊ आवाजात म्हणाली, “वहिनी, समजू शकते मी. इतकी वर्षं तुम्हीही त्यांच्यात होतात, तुम्हालाही वाटणारच. पण गेलेल्या माणसाचं श्रेय असं... बरं नाही दिसत हो.”

“गेलेलं माणूस कोण? मी बोलते आहे तुमच्याशी.”

“हे बघा, घरचे दोन पुरुष एक सांगतात, सही करून देतात. तुम्ही दुसरंच सांगता. आम्ही कोणाचं धरायचं? आणि आता छापून आलंय सगळं. पुढच्या एडिशनला बघू ना. हवं तर तुम्ही आत्ता एक ओळ म्हणून दाखवा. मी आलोकला स्पीकरवर घेते.”

“मी परीक्षेला बसलेली नाही,” कमल म्हणाली आणि फोन ठेवला.

टेप करणारा रफीक दुकान मोडून केव्हाच राजापूरला गेला होता, बाळाचे खोलीतले सोबतीही पांगले होते, साक्ष द्यायला कोणी नव्हतं. दोन दिवसांत बातमी सगळीकडे पसरली. विठ्ठलची बायको मेलेल्या नणंदेचं गाणं आपल्या नावावर करायला निघाली आहे. बायकांनी तोंडावर हात ठेवले. कोणी म्हणालं, असतो एकेकीला हव्यास. ज्या बाईने अकरा वर्षं ‘मी गायले’ असं एकदाही म्हटलं नव्हतं, तिला हव्यास! मेसमधल्या माणसांनी त्या आठवड्यात कांदा बघितला आणि ती खाली मान घालून जेवली. सगळ्यांना वाटलं, आता ही जेवणाची ऑर्डर परत करणार. तिने केली नाही. खोबरं भाजून वाटण केलं, कोंबड्या आणल्या, सोलं भिजत घातली.

कार्यक्रम शुक्रवारी सकाळी अकराला, सालमियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. स्टेजवर विठ्ठल आणि बाळा नव्या कुर्त्यांत बसले होते. प्राचीचा फोटो कुठून मिळणार? म्हणून फ्रेमीत सीडीचं कव्हर घालून तिला मोगऱ्याचा हार घातला होता. पुढच्या रांगेतल्या एका पोराने बहिणीला विचारलं, “हू डाइड?” ती म्हणाली, “सम आंटी.”

कमल मागे जेवणाच्या टेबलांपाशी खुर्ची टाकून बसली होती. आलोकने माइकवरून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली. सगळा हॉल उभा राहिला. कमल बसून राहिली. ज्ञानदा लगबगीने मागे आली आणि कुजबुजली, “अहो उठा ना. निदान गेलेल्या माणसाचा मान म्हणून तरी.”

“माझ्यासाठी मी कशाला उभी राहू?” कमल म्हणाली. दोन मिनिटं ती हारातल्या त्या फ्रेमीकडे बघत राहिली. लेकीचं नाव होतं तिथे. ती लेक आदल्याच दिवशी फोनवर सहामाहीत गणितात मार्क कमी पडले म्हणून कुरकुरत होती.

मग भाषणं झाली. मग पाचवं गाणं लावलं. हॉलचा एसी झकास चालला होता, माणसं डोळे मिटून डोलत होती. विठ्ठलला शाल मिळाली, बाळाला शाल मिळाली, नसलेल्या बहिणीची शाल फ्रेमीवर टाकली. विठ्ठलने एकदाच मागे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. दीड वाजता आलोक म्हणाला, “जेवणाची व्यवस्था मागे आहे.”

माणसं उठली, ताटं घेऊन आली. पातेल्यांवर झाकणं होती आणि झाकणांपुढे कमल उभी होती, हातात पळी.

“जेवण तयार आहे,” ती म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज पडत नसे, तो हॉलच्या टोकापर्यंत गेला. “पण वाढणार नाही. त्या खोक्यांतल्या सगळ्या सीड्या बाहेर काढा. जिथे कै. प्राची छापलंय ते खोडा आणि गाणारीचं नाव लिहा. मग वाढते.”

कोणीतरी हसलं. “गाणारीचं नाव काय म्हणे?”

“कमल.”

आलोक धावत आला. “वहिनी, प्लीज, सीन करू नका. मुलं भुकेली आहेत.”

“मुलांना वाढते. मुलांनी काही छापलेलं नाही.” आणि तिने खरंच पोरांची रांग लावून सगळ्यांना वडे, रस्सा, सोलकढी वाढली. मोठी माणसं रिकामी ताटं घेऊन बघत राहिली. वाटणाचा वास हॉलभर सुटला होता. शेवटचं पोर गेल्यावर तिने झाकण परत ठेवलं.

“हा काय प्रकार आहे?” “चला, बाहेर जेवू.” “आलोक, बघ ना जरा.” असं सगळीकडून सुरू झालं. तेवढ्यात स्टेजवरून बाळा उडी मारून आला. त्याला घाम फुटला होता. गर्दीत आपण कुठे आहोत याचंही त्याला भान नव्हतं.

“वयनी, पाया पडतंय तुझ्या! तुझा नाव छापून इला आणि गावात कळला की तू अरबाच्या घरात भांडी घासूक होतंस, तर आमी तोंड खंय लपवचा? तेरा वर्सा सांभाळलंव, आता कित्या उघडा करतंस?”

हॉलमधल्या कोकणातल्या माणसांना आधी कळलं. ताटं टेबलावर ठेवल्याचे आवाज आले. पुणेकरांना कळायला दोन-चार क्षण जास्त लागले.

“म्हणजे... बहीण?” आलोकने विचारलं.

बाळाने कुर्त्याच्या बाहीने घाम पुसला. “बहीण नाय आमका,” तो शेवटी म्हणाला.

ज्ञानदा खुर्चीत बसली. आलोकचं तोंड पांढरं पडलं. हा माणूस त्या आवाजासाठी वर्षभर वणवण हिंडला होता, आणि तो आवाज फोनवरून त्याच्या घरी आला तेव्हा त्याच्या बायकोने त्याला मऊ शब्दांत वाटेला लावलं होतं. “वहिनी, सॉरी,” तो म्हणाला. सॉरीने छापलेलं पुसलं जात नाही.

“अरे, मार्कर आणा रे कोणीतरी,” मागून एक जण म्हणाला. शाळाच ती, वर्गांतल्या कपाटांतून मूठभर मार्कर आले. कमलने एक उघडून बघितला. “हे नकोत,” ती म्हणाली, “हे पुसतात.” मग ऑफिसातून न पुसणारे काळे आले. खोकी फुटली, दोनशे चाळीस सीड्या निघाल्या, टेबलं जोडली, कंपन्यांचे मॅनेजर आणि वेल्डर शेजारी शेजारी बसले आणि पहिलं नाव कोण लिहितं ते बघत राहिले.

विठ्ठल तेव्हा स्टेजवरून उतरला. शाल अजून खांद्यावर होती. कोणी सांगायच्या आधी त्याने एक मार्कर घेतला, पहिली सीडी पुढे ओढली आणि कै. प्राचीवर सरळ रेघ मारली. त्याचं अक्षर सुरेख. सावकाश, जपून लिहिलं, ‘सौ. कमल विठ्ठल धुरी’. मग ती सीडी बायकोपुढे धरली आणि वर बघितलं. आता सगळं मिटलं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

कमलने वाचलं. तीन आठवड्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

“हो विठ्ठल कोण? तेणी खंयचा गाणा म्हटल्यान?”

“गो, लोक बघतत...” विठ्ठल पुटपुटला.

“बघूंदेत. मधला काडा. आणि सौ. पण काडा. माका मारूची सही तुमी केलात. मेलेल्या बायलेक सौ. कसा लिवतात?”

विठ्ठलने सीडी परत आपल्यापुढे घेतली. रेघ वाकडी आली, पण त्याने आधी सौ. खोडलं आणि मग स्वतःचं नाव खोडलं. ती सीडी बाजूला ठेवून त्याने दुसरी उचलली. या वेळी त्याने फक्त ‘कमल’ लिहिलं.

रस्सा गार होत होता. कोणीतरी हळूच विचारलं, वहिनी, आता वाढायचं का? कमलने झाकणावर हात ठेवला होता, तो उचलला नाही. अजून दोनशे अडतीस सीड्या बाकी होत्या.